दारूबंदीवाला व्होल्स्टेड आणि आमचा साखर कारखाना

गेल्या महिन्यात एका रविवारी घरी सहा जण जेवायला, मटण शिजत आलेलं, आणि बिअर आणायची राहिली हे लक्षात आलं संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी. अमेरिकेतल्या मिनेसोटात राहणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. रविवारी इथली दारूची दुकानं सहाला बंद म्हणजे बंद. ग्रोसरीत मिळते ती ३.२ टक्के अल्कोहोलवाली बिअर, म्हणजे ताकात पाणी. तरी हे बरं, मी २०१४ ला आलो तेव्हा रविवारी दुकानं उघडायचीच नाहीत, लोक नदी ओलांडून शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या हडसनला जाऊन डिकी भरून आणायचे. जुलै २०१७ मध्ये ती बंदी उठली.

जेवताना एक मित्र म्हणाला, ही सगळी त्या दारूबंदीचा कायदा करणाऱ्या व्होल्स्टेडची करणी, आपल्या इथलाच होता तो. चूक होतं ते. रविवारची बंदी १८५८ पासूनची आणि अँड्र्यू व्होल्स्टेड जन्मला १८६० ला. पण नाव डोक्यात बसलं. मिनियापोलिसपासून १२० मैलांवर त्याचं गाव, ग्रॅनाइट फॉल्स, म्हटलं जाऊन येऊ.

नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्याचा हा पोरगा. आधी शाळामास्तर, मग वकील, बरीच वर्षं काउंटीचा सरकारी वकील, गावाचा मेयर, आणि १९०३ ते १९२३ अशी सलग वीस वर्षं वॉशिंग्टनला खासदार, रिपब्लिकन पक्षाचा. फोटोत भरघोस मिशा आणि चेहरा असा की समोर बसून मोठ्याने हसायची हिंमत होऊ नये. १९१९ ला कायदेविषयक समितीचा अध्यक्ष होता म्हणून दारूबंदीचा कायदा त्याच्या हातून गेला आणि त्याचं नाव त्या कायद्याला कायमचं चिकटलं. अर्धा टक्का अल्कोहोल असलं तरी ती दारूच, अशी व्याख्या. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी व्हेटो वापरला तर हाउसने त्याच दिवशी तो उलथवला, सेनेटने दुसऱ्या दिवशी. गंमत म्हणजे पिणं गुन्हा नव्हताच, विकणं गुन्हा होता, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवर व्हिस्की मिळायची. हसू नका. आपला १९४९ चा दारूबंदी कायदा अजून शाबूत आहे, आणि पिण्याचं परमिट आपल्याला 'आरोग्य राखण्यासाठी' मिळतं. परमिट रूममध्ये तीन पेग मारून आरोग्य राखणारे माझे दोन मामा आहेत.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. ग्रॅनाइट फॉल्सला जाताना २१२ नंबरच्या रस्त्यावर रेनव्हिल लागतं. खिडकी बंद असतानाही गाडीत वास शिरला. बायको म्हणाली, काय कुजलंय? मी म्हटलं थांब, हा वास मला माहितीये. मळीचा नाही अगदी, पण त्याच्याच भावकीतला. बाहेर बघतो तर धुराडी, वाफ, आणि दोन-दोन मजली उंचीचे बीटाचे ढीग उघड्यावर बर्फात पडलेले. साखर कारखाना! आणि तोही सहकारी, बीटवाल्या शेतकऱ्यांच्या मालकीचा. मी वारणेकाठचा माणूस, गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं नुसता बघत बसलो. पोरं वैतागली.

आणि अशा संस्थांना या देशात कायद्याचं छप्पर दिलं ते याच व्होल्स्टेडने. कॅपर-व्होल्स्टेड कायदा, १८ फेब्रुवारी १९२२. त्याआधी दूधवाले, धान्यवाले एकत्र येऊन भाव ठरवू लागले की मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटले व्हायचे. म्हणजे व्यापारी दोन बोटांनी भाव पाडणार आणि शेतकऱ्यांनी एकी केली तर तेच गुन्हेगार. या कायद्याने सांगितलं, एकत्र या, माल विका, फक्त एका सभासदाला एकच मत ठेवा, नाहीतर लाभांश आठ टक्क्यांच्या वर देऊ नका, आणि बाहेरच्यांचा माल सभासदांच्या मालापेक्षा जास्त घेऊ नका.

ऑफिसात हे सांगितलं तर एक सहकारी म्हणाला, हे समाजवादी वाटतं. आणि हा गडी रोज लँड ओ'लेक्सचं लोणी ब्रेडला लावतो, जे १९२१ पासून इथल्याच डेअऱ्यांच्या सहकारी संघाचं आहे! इथे सहकार कुणाला दिसत नाही म्हणून त्याला कुणी नावं ठेवत नाही. आपल्याकडे सहकार म्हटलं की लगेच चेअरमनची गाडी, काटामारी, थकलेलं ऊसबिल. मान्य, सगळं खरंय. पण आमच्या गावात शाळा, दवाखाना, डांबरी रस्ता कारखान्याच्या मागोमाग आला, आणि माझी इंजिनिअरिंगची फी ऊसबिलातूनच गेली. रेनव्हिलवाल्यांना ऊसतोड टोळीला उचल द्यावी लागत नाही, आणि पॅनेलं पाडून कारखाना लढवावा लागत नाही, मग शिस्त दिसणारच.

तसं राजकारण इथेही काही सोवळ्यातलं नव्हतं. १९२० ला पक्षाचा उमेदवार ठरवायच्या प्राथमिक फेरीत क्वाले नावाच्या लुथरन पाद्र्याने व्होल्स्टेडला पाडलं, प्रचार काय तर हा माणूस देव मानत नाही. प्रकरण कोर्टात गेलं, पाद्र्याची उमेदवारी रद्द झाली, व्होल्स्टेड तेवढ्यावेळी तरला. वाचताना वाटलं आपल्या तालुक्याचीच बातमी आहे. १९२२ ला मात्र क्वालेने अपक्ष उभा राहून त्याला घरी बसवलं, आणि क्वालेही दारूबंदीवालाच. ज्या वर्षी शेतकऱ्यांचा कायदा केला त्याच वर्षी शेतकऱ्यांच्याच मतदारसंघाने पाडलं.

व्होल्स्टेडचं घर ग्रॅनाइट फॉल्सच्या नवव्या अव्हेन्यूवर आहे, दुमजली, लाकडी, राष्ट्रीय स्मारक. आम्ही गेलो तेव्हा बंद होतं. १९३३ ला दारूबंदी उठल्यावर तो याच गावात परत आला आणि १९४७ ला इथेच गेला.

पायरीवर बसून वडिलांना व्हिडिओ कॉल लावला, येताना काढलेला बीटाच्या ढिगाचा फोटो पाठवला होता. माझ्या नावावर आमच्या कारखान्याचा एक शेअर अजून आहे, दिवाळीची सवलतीची साखर भाऊ उचलतो, मी सभेला एकदाही गेलेलो नाही. व्होल्स्टेडचं सगळं पुराण त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "ते राहू दे. वजनाचा काटा कुणाचा हाय, कारखान्याचा का बाहेरचा?"