सहा इंचांनी पर्वत झालेला डोंगर

वेल्समध्ये २००० फूट म्हणजे ६०९.६ मीटर ओलांडले की डोंगराला पर्वत म्हणायची पद्धत आहे, आणि उत्तरेतला मनिद ग्राइग गोख नकाशावर ६०९ वरच अडकलेला. २००८ मध्ये तीन हौशी सर्व्हेअर जीपीएस घेऊन वर गेले, सगळ्यात उंच खडक कुठला ते आधी शोधलं, मग कितीतरी वेळ सॅटेलाइटचा डेटा घेत बसले, आणि उत्तर आलं ६०९.७५! जेमतेम सहा इंच जास्त. मला हे भयंकर आवडतं. २०१० ला वेल्समधलाच ग्लिडर वाऊर डोंगरपण नव्या मोजणीत ९९९ मीटरवरून १०००.८ झाला.

पण पर्वतांच्या यादीत बसायला नुसत्या उंचीने भागत नाही, प्रॉमिनन्सही लागतो, म्हणजे शेजारच्या जास्त उंच डोंगराकडे जाताना किती खाली उतरावं लागतं ते, त्यामुळे खिंडही तितकीच नेमकी मोजावी लागते आणि ते काम जास्त किचकट, कारण धारेवरून चालताना सगळ्यात खालचा पण आडवं ओलांडताना सगळ्यात वरचा असा पॉइंट तिथल्या गवतात शोधायचा असतो. ह्युइट यादीला, म्हणजे २००० फुटांवरच्या डोंगरांच्या यादीला, किमान ३० मीटर प्रॉमिनन्स लागतो, दक्षिण वेल्सच्या ब्रेकन बीकन्स डोंगररांगेतला वान अ बिग नव्या मोजणीत थोडक्यात कमी पडला नि यादीतून गेला. वाईट वाटलं खरंच. ब्रेकन बीकन्सला गेलात तर तरीही चढाच तो.