तुम्ही विचारलंत म्हणून: सगळ्यात मोठा रॉक बँड कोणता?

हातात गिटार दिसली की लोक हमखास विचारतात, 'सगळ्यात ग्रेट रॉक बँड कोणता हो?' विचारणाऱ्याकडे नाव आधीच तयार असतं. कोणाचा क्वीन, कोणाचा पिंक फ्लॉइड, कोणाचा लेड झेपलिन. माझ्याकडून फक्त शिक्का हवा असतो. तो मिळाला नाही की चेहरा पडतो.

तर सरळच सांगतो. सगळ्यात मोठा बँड बीटल्स. पण ज्याच्यामुळे पुढच्यांचं वाजवणं सर्वाधिक बदललं, असा बँड विचारलात तर माझं नाव वेगळं आहे: ब्लॅक सॅबथ. या दुसऱ्या नावाशी माझ्याशी भांडणारे पुष्कळ आहेत, म्हणून जरा सविस्तर.

आधी बीटल्सचं उरकतो. ११ फेब्रुवारी १९६३ रोजी लंडनच्या ईएमआय स्टुडिओत त्यांनी पहिल्या अल्बममधल्या चौदापैकी दहा गाणी एका दिवसात ध्वनिमुद्रित केली. गायक जॉन लेननला सर्दी झाली होती. म्हणून घसा फाडून म्हणायचं 'ट्विस्ट अँड शाउट' मुद्दाम शेवटी ठेवलं, आणि त्याचा पहिलाच टेक रेकॉर्डवर आहे. हँबर्गच्या क्लबांमध्ये रात्ररात्र वाजवलेल्या पोरांना हे जमणारच. खरी कमाल पुढची. एप्रिल १९६६ मध्ये त्याच इमारतीत हीच मंडळी 'टुमॉरो नेव्हर नोज' करत होती. जवळजवळ एकाच कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या एकाच जुडग्यावर, उभं असलेलं गाणं. टेपचे तुकडे गोल जोडून वेगवेगळ्या यंत्रांवर फिरत ठेवलेले, आणि ते ताणून धरायला पेन्सिली घेऊन उभे असलेले कर्मचारी. रिंगोच्या बेस ड्रममध्ये लोकरीचा स्वेटर कोंबलेला. लेननचा आवाज ऑर्गनच्या फिरत्या स्पीकरमधून काढलेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी दौरे कायमचे थांबवले. स्टुडिओ हेच त्यांचं वाद्य झालं होतं, ते स्टेजवर कुठून नेणार? तीन वर्षांत इतकं अंतर कापणारा दुसरा बँड मला माहीत नाही. शिवाय आपली गाणी आपणच लिहायची, ही सवय पुढच्या बहुतेक बँडना मुख्यतः त्यांच्यामुळे लागली.

पण बीटल्सची नक्कल करायला बसा. तीन-तीन आवाजांचं जुळवून गाणं, मॅकार्टनीचा बेस, जॉर्ज मार्टिनसारखा निर्माता, ईएमआयचे तंत्रज्ञ. कौतुक करून माणूस गिटार खाली ठेवतो. सॅबथ ऐकून उचलतो. माझ्या दृष्टीने प्रभाव म्हणजे हा.

सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी हा इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा, पत्र्याचं काम करणाऱ्या कारखान्यातला सतरा वर्षांचा मुलगा. नोकरीचा शेवटचा दिवस होता. प्रेस चालवणारा कामगार आला नाही म्हणून याला त्या मशीनवर बसवलं, आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं कापली गेली. आयोमी डावखुरा. म्हणजे गेली ती नेमकी तारा दाबायची बोटं. सगळं संपलं असं त्याने धरलं होतं. तेव्हा कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. दोन बोटं जळून निकामी झाल्यावरही जॅझ गिटारचा बादशहा झालेला माणूस. मग आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांच्या टोपणांचा साचा जमवला आणि त्यावर चामड्याचा तुकडा चिकटवला. नेहमीच्या तारा दाबताना त्रास होई, म्हणून बॅन्जोच्या बारीक तारा लावल्या. पुढे १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' अल्बमसाठी गिटार चक्क दीड स्वर खाली उतरवली. तारा सैल झाल्या, बोटांना आराम मिळाला, आणि आवाज असा जाड, काळा, जमिनीलगतचा झाला की पुढची पन्नास वर्षं माणसं तोच शोधत राहिली.

त्यांच्या पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं हेडफोन लावून ऐकाच. पाऊस, लांबून घंटा, आणि मग तीन स्वर: सा, वरचा सा, आणि खाली येऊन थांबलेला तीव्र मध्यम. बस्स. तो तीव्र मध्यम कंपत राहतो, पंचमावर जायचं नावच घेत नाही, आणि ऐकणारा अडकून बसतो. एरवी आयोमी बहुतेक ठिकाणी फक्त सा आणि प एकत्र वाजवतो. ही पॉवर कॉर्ड. ॲम्प्लिफायर भरपूर वाढवून आवाज फाटू दिला की गांधार त्यात गढूळ होतो, सा-प मात्र भिंतीसारखे ठाम उभे राहतात. ही युक्ती त्याची नव्हे. १९६४ मध्येच किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने छोट्या ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरून 'यू रिअली गॉट मी' वाजवलं होतं. पण किंक्ससाठी ती एक-दोन गाण्यांची गंमत होती. सॅबथने त्यावर अख्खं घर बांधलं.

आणि ते कोणालाही बांधता येतं. गिटार हातात घेऊन महिनाही न झालेल्या पोराला मी 'आयर्न मॅन'ची मुख्य ओळ दाखवतो. तासाभरात ती ओळखू येण्याइतपत वाजते. वेळ चुकते, तारा खरखरतात, पण चेहऱ्यावर जे येतं ते शंभर स्केल घोकून येत नाही. आठवड्याभरात तो स्वतःचं काहीतरी तसंच जड, तसंच संथ रचून आणतो. बहुतेकदा भयंकर असतं. पण रचून आणतो!

पुरावा हवा असेल तर ५ जुलै २०२५. बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर सॅबथचे मूळ चौघे शेवटचं वाजवायला जमले. गायक ऑझी ऑसबोर्न उभा राहू शकत नव्हता, सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला. त्यांच्या आधी वाजवायला कोण? मेटॅलिका, गन्स अँड रोझेस, स्लेयर, टूल, पँटेरा, ॲलिस इन चेन्स. एकेक स्वतःच्या नावावर गर्दी खेचणारा, आणि बहुतेकांनी सॅबथची किंवा ऑझीची गाणी वाजवली. सतरा दिवसांनी ऑझी गेला.

याच मापाने व्हेल्व्हेट अंडरग्राउंड माझ्या यादीत येतो. १९६७ चा त्यांचा केळ्याच्या मुखपृष्ठाचा अल्बम तेव्हा फारसा खपला नाही. मो टकर उभी राहून ड्रम वाजवायची, बेस ड्रम आडवा ठेवून, झांजा जवळजवळ नाहीतच. ऐकणाऱ्याला वाटायचं, एवढं तर मलाही येईल. हे वाटणं फार लांब गेलं. कम्युनिस्ट राजवटीतल्या प्रागमध्ये त्यांची गाणी वाजवत सुरू झालेल्या प्लॅस्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स या बँडभोवतीच्या मंडळींना १९७६ मध्ये तुरुंगात टाकलं गेलं, आणि त्या खटल्याच्या संतापातून 'चार्टर ७७' हे नागरी हक्कांचं निवेदन उभं राहिलं. बीटल्सच्या खात्यावरही असलं काही जमा नसेल.

रमोन्स आणि सेक्स पिस्टल्सची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. रमोन्सचा पहिला अल्बम म्हणजे अर्ध्या तासाच्या आत चौदा गाणी. सेक्स पिस्टल्सनी ४ जून १९७६ ला मँचेस्टरच्या एका छोट्या सभागृहात मोजक्या लोकांपुढे वाजवलं. त्या मोजक्यांत पुढे जॉय डिव्हिजन काढणारे पीटर हुक आणि बर्नार्ड समनर होते, पुढे स्मिथ्सचा गायक झालेला मॉरिसीही होता. हुकने दुसऱ्याच दिवशी बेस गिटार विकत घेतली. त्या रात्री पिस्टल्स वाजवायला फार बरे होते असं कोणी म्हणत नाही.

आता क्वीनवाले रागावतात. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'त तिघांचे आवाज इतक्या वेळा एकावर एक चढवले की टेप झिजून आरपार दिसायला लागली. मी ते गाणं आजही मध्येच बंद करू शकत नाही. पण त्यातून पोरांना घरी नेण्यासारखं काय मिळालं? त्यांच्या ब्रायन मेची गिटारसुद्धा त्याने वडिलांच्या मदतीने घरी बनवलेली, दुकानात मिळणारी नव्हे. पिंक फ्लॉइडबद्दल थोड्याफार फरकाने हेच. लेड झेपलिनचं जरा वेगळं आहे. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'साठी त्यांच्या बोनमचे ड्रम जुन्या घराच्या जिन्याखाली ठेवून वर माइक टांगले, आणि तो घुमारा १९८६ मध्ये बीस्टी बॉइजनी सरळ उचलून आपल्या रॅपखाली लावला. म्हणजे झेपलिनची पिलावळ रॉकच्या बाहेरही आहे. मात्र ते गाणंच मुळात मेम्फिस मिनी आणि कान्सस जो मकॉय यांचं, १९२९ चं. आणि 'होल लॉटा लव्ह'बद्दल उचलेगिरीच्या आरोपावरून झेपलिनला विली डिक्सन या ब्लूजकाराशी (ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत) पुढे तडजोड करावी लागली.

इथे मला तुमच्या प्रश्नातच खोट दिसते. तुम्ही 'बँड' विचारता, आणि त्या एका अटीने स्वतःच्या एकट्याच्या नावाने वाजवणारा चक बेरी यादीतून बाहेर पडतो. मडी वॉटर्स बाहेर पडतो, ज्याच्या गाण्यावरून रोलिंग स्टोन्सनी नाव घेतलं. गळ्यात इलेक्ट्रिक गिटार अडकवून चर्चची गाणी दणाणून सोडणारी सिस्टर रोझेटा थार्प बाहेर पडते. यादीत उरतात बव्हंशी गोरे इंग्रज आणि अमेरिकन तरुण, ज्यांनी हे सगळं या कृष्णवर्णीय कलाकारांच्या रेकॉर्डी झिजवून उचललं. आयोमीची बोटं त्याची स्वतःची होती, पण त्या बोटांनी तो सुरुवातीला वाजवत होता ब्लूजच.

तुमचं नाव वेगळं असेल तर जरूर सांगा. फक्त 'मला फार आवडतो' यावर थांबू नका. त्यांचं ऐकून कोणी काय वाजवायला घेतलं, तेही सांगा. रोलिंग स्टोन्सबद्दल माझ्याशी असा वाद घालणारा अजून कोणी भेटलेला नाही, आणि त्यांची बाजू कच्ची आहे असं मला मुळीच वाटत नाही.