फ्रॉइडच्या हातात घड्याळ कशाला दिलं?

चार वर्षं वॉचलिस्टमध्ये पडून असलेली नेटफ्लिक्सची 'फ्रॉइड' सिरीज शेवटी मागच्या आठवड्यात संपवली. आठच एपिसोड आहेत, मूळ जर्मन. सोबत ताई होती, ती काउन्सेलर आहे, त्यामुळे दर दहा मिनिटांनी पॉज!

सुरुवात झकास आहे. १८८६ चं व्हिएन्ना, तरुण डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड (पुढे सायकोअ‍ॅनालिसिसचा जनक म्हणून गाजलेला) एका बाईला संमोहित करतोय, आपण श्वास रोखून बघतोय आणि मग कळतं की ती त्याचं घर सांभाळणारी बाई आहे आणि दोघं मिळून चक्क तालीम करतायत, कारण साहेबांना संमोहन जमतच नाही. मला वाटलं, वा, काहीतरी भारी बघायला मिळणार.

पण कसलं काय. पुढे आत्मे बोलावणारी मंडळी, हंगेरियन काउंटेस, खून, रक्तच रक्त, आणि ज्याला पहिल्या सीनमध्ये संमोहन जमत नव्हतं तो दोन एपिसोडनंतर असा काही मांत्रिक होतो की घड्याळ हलवलं की समोरचा गार. ताई म्हणाली, "आमच्याकडे घड्याळ असतं ते सेशन संपायला किती वेळ राहिला बघायला."

वैताग याचाच आला, की खऱ्या फ्रॉइडला संमोहन खरंच नीटसं जमत नव्हतं. पॅरिसला शार्को नावाच्या, संमोहन वापरणाऱ्या नामांकित डॉक्टरकडे जाऊन आला, १८८६ च्या ईस्टरला दवाखाना उघडला, १८८९ मध्ये हात सुधारावा म्हणून परत फ्रान्सला नान्सीला गेला, तरी काही पेशंट संमोहित व्हायचेच नाहीत. हळूहळू त्याने ते सोडूनच दिलं, आणि सायकोअ‍ॅनालिसिस, म्हणजे पेशंटला मनातलं मोकळेपणी बोलू देऊन उपचार करायची त्याची पद्धत, उभी राहिली ती त्यानंतर. म्हणजे जे त्याने टाकून दिलं तेच सिरीजवाल्यांनी त्याच्या हातात दिलंय.

कोकेनचंही तेच. सिरीजमध्ये तो येताजाता थेंब टाकत असतो, बघायला कूल वाटतं. खरी गोष्ट अशी की १८८४ मध्ये त्याने कोकावर कौतुकाने पेपर लिहिला, मॉर्फिनच्या व्यसनात अडकलेल्या फ्लाइश्ल नावाच्या मित्राला त्यातून सोडवायला कोकेन सुचवलं, आणि त्या बिचाऱ्याला दोन्ही व्यसनं लागली. १८९१ मध्ये तो गेला. यावर कोणी आठ एपिसोड करा ना!

आणि अ‍ॅना ओ.! बोलून बरं करायच्या या पद्धतीच्या गोष्टीतली सगळ्यात गाजलेली पेशंट. खरं नाव बेर्टा पापेनहाइम, ही फ्रॉइडची नाही तर त्याच्या सीनियर मित्राची, डॉक्टर ब्रॉयरची पेशंट, १८८० ते ८२ मधली. कडक उन्हाळा, बाईला तहान लागलेली, हातात पाण्याचा ग्लास, पण ओठाला लागला की ढकलून द्यायची. सहाएक आठवडे नुसत्या खरबुजासारख्या फळांवर. मग एकदा संमोहनात असताना ती बोलता बोलता सांगते की घरातल्या एका बाईचा कुत्रा ग्लासमधून पाणी पिताना दिसला होता, किळस आली होती पण सभ्यपणा म्हणून गप्प बसले. सगळा राग बाहेर काढला, पाणी मागितलं आणि घटाघट प्यायली, जागी झाली तेव्हा ग्लास ओठालाच होता. या प्रकाराला 'टॉकिंग क्युअर' हे नाव तिनेच दिलं, गमतीत 'धुरांडं साफ करणं' पण म्हणायची. (ती एवढ्याने पूर्ण बरी झाली नाही हं, नंतरही सॅनिटोरियममध्ये होती. पण पुढे जर्मनीत १९०४ मध्ये ज्यू महिलांची मोठी संघटना काढली.)

हे सांगताना मी सिरीज पॉज करून ठेवली होती, स्क्रीनवर कोणीतरी रक्ताने माखलेलं. ताई म्हणाली अजून एक आहे, फ्रॉइडने 'एमी' या टोपणनावाने जिच्याबद्दल लिहिलं ती पेशंट. फ्रॉइड सारखा विचारायचा हे कुठून आलं, ते कुठून आलं, तर ती वैतागून म्हणाली की सारखं विचारू नका, मला जे सांगायचंय ते सांगू द्या. आणि त्याने ऐकलं, बाईचं ऐकून गप्प बसला!

मी विचारलं, "मग पेशंटला कोचावर झोपवून स्वतःची खुर्ची मागे का ठेवायचा? पेशंटला मोकळं वाटावं म्हणून?"

"तेही होतं. पण त्याने स्वतःच लिहिलंय, दिवसाचे आठ तास कोणी माझ्याकडे टक लावून बघितलेलं मला सहन होत नाही."

मग मी प्ले दाबलं. फ्रॉइडने परत घड्याळ काढलं आणि ताई उठून चहा टाकायला गेली.