निबंधाच्या वहीतली औषधं

आपल्या शाळेत ‘सूर्य उगवला नाही तर’ आणि ‘फाटक्या पुस्तकाचं आत्मवृत्त’ यांतून कुणाची सुटका नव्हती. पुढे फार्मासिस्ट म्हणून आयर्लंडला आलो, इथल्या मुलांच्या जुन्या वह्या वाचल्या आणि खरं सांगतो, हेवा वाटला. १९३७ ते १९३९ या काळात इथल्या लोकसाहित्य आयोगाने सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गांना नेहमीच्या निबंधांऐवजी वेगळंच काम दिलं: घरच्या म्हाताऱ्यांना जुन्या गोष्टी, समजुती, घरगुती उपाय विचारा आणि लिहून आणा. सुमारे ५०,००० मुलं कामाला लागली. पानं जमली ७,४०,०००.

माझी नजर अर्थातच औषधांवर. जुन्या चर्चच्या आवारात खळगा असलेले धोंडे असतात, त्यांना ‘बुलान’ म्हणतात. खळग्यात साचलेलं पाणी लावलं की चामखीळ जाते. पण मुद्दाम शोधायला जायचं नाही. वाटेत अवचित सापडलं तरच गुण! ग्लेंडालॉख या जुन्या मठाच्या जागेतला असाच धोंडा ‘हरणीचा दगड’ म्हणून ओळखला जातो. संत केविनकडच्या पोरक्या बाळासाठी हरणी त्यात दूध सोडून जायची म्हणे. डांग्या खोकला झाला तर पांढऱ्या घोड्यावरच्या माणसाला गाठून उपाय विचारायचा आणि तो सांगेल ते करायचं. (त्या बिचाऱ्याला ऐन वेळी काय सुचत असेल?) घोड्याच्या केसाने चामखीळ बांधायची, हा आपल्याकडचा उपायही तिथे भेटला.

हे सगळं हसण्यावारी नेता येत नाही. उत्तर आयर्लंडमधल्या बोहो गावात १८१५ साली वारलेल्या एका पाद्र्याच्या थडग्यावरची माती लोक दुखणं बरं व्हावं म्हणून फडक्यात बांधून उशीखाली ठेवतात, मग परत नेऊन टाकतात. २०१८ साली वेल्समधल्या स्वान्सी विद्यापीठाच्या संशोधकांना तिथल्या मातीत स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूचा नवा प्रकार सापडला. अनेक प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या एमआरएसए जंतूंची वाढ तो प्रयोगशाळेत रोखतो. अर्थात स्ट्रेप्टोमायसिस जगभरच्या मातीत असतो आणि काचेच्या बशीत जमलं ते रोग्याच्या अंगात जमेलच असं नाही.

माझ्या काउंटरवर मी चामखिळीला सॅलिसिलिक ॲसिडच देतो. घेणारा जाता-जाता बुलानपाशीही थांबत असेल, तर माझी काही हरकत नाही.