तारांच्या तुलनेतून उभा राहिलेला व्यवसाय : आमची वाटचाल

गिटारची दुरुस्ती, सेटअप आणि तारांची विक्री एवढेच आमच्या संस्थेचे काम आहे. गिटार आम्ही विकत नाही. सुरुवात दुरुस्तीपासून झाली. तारा हा तेव्हा त्या कामाला लागणारा माल होता, विक्रीची वस्तू नव्हती. फ्रेट (नेकवरच्या, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्या) घासून एका पातळीत आणायचे, नटच्या, म्हणजे नेकच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा नीट करायच्या, आतली ट्रस रॉड ही सळई फिरवून नेकचा बाक सुधारायचा आणि शेवटी नवा संच चढवून गिटार मालकाच्या हाती द्यायची, असा क्रम असे. काम कितीही चोख झाले तरी वाजवणाऱ्याच्या बोटांना प्रथम लागते ती तार, आणि त्यामुळे आमच्या कामाची पारखही बहुधा तारेवरूनच होई. हळूहळू लोक दुरुस्ती नसतानाही केवळ तारा विचारायला येऊ लागले आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असे : कोणत्या कंपनीच्या तारा चांगल्या? या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देता यावे म्हणून जे काही आम्ही करत गेलो, त्यातूनच व्यवसायाचे आजचे रूप घडले.

सुरुवातीला ग्राहकांचे अनुभव टिपून ठेवण्याचा प्रयत्न केला. पण एकाच संचाला एक जण कडक म्हणे आणि दुसरा मऊ. एकाला आवाज खणखणीत वाटे, तर दुसऱ्याला दबलेला. खोलात चौकशी केल्यावर कारणे उलगडू लागली. कुणी कंपनी बदलताना गेजही (म्हणजे पहिल्या तारेची जाडी, हजारांश इंचांत) ११ वरून ९ वर आणलेला असे, कुणी दोन वेगळ्या लांबीच्या गिटारांवरचे अनुभव एकत्र करून सांगत असे, आणि पुष्कळांनी महिनोन्‌महिने वापरलेला गंजका संच काढून त्या जागी नवा चढवलेला असे. गंजलेल्या तारेनंतर चढवलेली कोणतीही नवी तार उत्तमच वाटते. त्यात कंपनीचे श्रेय शोधण्यात अर्थ नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सर्व सारखे ठेवायचे, हा नियम आम्ही तेव्हापासून पाळत आलो आहोत.

त्यासाठी एक इलेक्ट्रिक आणि एक अकूस्टिक गिटार केवळ चाचणीसाठी राखून ठेवली. पाकिटातून काढलेली प्रत्येक तार आधी मायक्रोमीटरने मोजायची. मग ती चढवून सुरात लावायची, बोटांनी हलकेच ओढून ताणायची, पुन्हा सुरात आणायची, आणि तार उतरायची थांबेपर्यंत हेच करत राहायचे. त्यानंतर बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता हलक्या स्पर्शाने काढलेला स्वर) आणि त्याच फ्रेटवर दाबून काढलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहायचे. वाजवणारा एकच, तार छेडायची पट्टी (पिक) तीच, आणि कोणत्या कंपनीचा संच चढवला आहे हे शक्यतो त्याला सांगायचे नाही. काही आठवडे रोज वाजवून उतरवलेली तार भिंगाखाली धरली की पुष्कळ काही दिसते : खालच्या बाजूने फ्रेटच्या प्रत्येक जागी उमटलेला चपटा वण, जाड तारांवरच्या बारीक तारेच्या गुंडाळीच्या वेढ्यांत बसलेला बोटांचा मळ, आणि पहिल्या तीन-चार फ्रेटच्या टप्प्यात काळवंडलेला धातू. मळ आणि झीज यांमुळे तारेचे वजन तिच्या लांबीभर सारखे राहत नाही. म्हणूनच जुनी तार मोकळी वाजवताना सुरात असते, पण वरच्या फ्रेटवर दाबली की बेसूर बोलते, आणि विद्यार्थी बिचारा गिटारलाच दोष देत बसतो.

कंपन्यांच्या तुलनेआधी गेजचे गणित समजावून सांगणे हा आमच्या कामाचा मोठा भाग झाला आहे. तारेवरचा ताण तीन गोष्टींनी ठरतो : तारेचे दर लांबीमागे असलेले वजन, नटपासून ब्रिजपर्यंतची (गिटारच्या धडावर तारा जिथे टेकतात तिथपर्यंतची) लांबी आणि ज्या स्वरात ती लावायची त्याची कंपनसंख्या. साध्या, म्हणजे गुंडाळी नसलेल्या पोलादी तारेच्या बाबतीत कंपनीचे नाव या हिशेबात येतच नाही. ०.०१० इंच जाडीची पहिली तार २५.५ इंच लांबीच्या गिटारवर तिच्या ३२९.६ हर्ट्‌झच्या स्वरात लावली की ताण सुमारे १६ पाउंड भरतो, मग ती कुणीही बनवलेली असो. वजन जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ९ वरून १० वर गेल्यास त्या तारेचा ताण सुमारे २३ टक्क्यांनी आणि १० वरून ११ वर गेल्यास २१ टक्क्यांनी वाढतो. इंचाच्या एक हजारांश भागाचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही, बोटांना मात्र लगेच जाणवतो. लांबीचेही तसेच आहे. २४.७५ इंचांच्या गिटारवर तोच संच त्याच स्वरात सुमारे सहा टक्के कमी ताणाने बसतो. एका मित्राच्या गिटारवर आवडलेल्या तारा आपल्या गिटारवर वेगळ्या का लागतात, याचे उत्तर बहुतेक वेळा येथेच मिळते.

इलेक्ट्रिक गिटारसाठी सर्वाधिक विचारणा होते ती डॅडारिओ आणि अर्नी बॉल या कंपन्यांच्या १० ते ४६ च्या संचांची. दोन्हींत जाड्या त्याच आहेत : १०, १३, १७, २६, ३६ आणि ४६. दोन्हींत खालच्या तीन तारांवर निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाची गुंडाळी असते आणि आतला गाभा षट्‌कोनी. वरच्या तीन साध्या तारांत आमच्या कोणत्याही वादकाला पाकीट न पाहता खात्रीने फरक सांगता आलेला नाही. गुंडाळीच्या तारांत थोडा फरक जाणवतो. डॅडारिओच्या आम्हांला नेमक्या आणि किंचित खणखणीत वाटतात, अर्नी बॉलच्या थोड्या भरीव. पण हा फरक एका गेजच्या फरकापुढे अगदीच किरकोळ आहे. व्यवहारात अधिक उपयोगी पडते ती बांधणी. डॅडारिओच्या तारांच्या टोकाच्या मण्यांना वेगवेगळे रंग असतात, अर्नी बॉलच्या संचात प्रत्येक तार आपल्या स्वतंत्र कागदी पाकिटात असते, आणि नवशिक्याला यांपैकी जे सोपे वाटेल तेच आम्ही देतो. हलक्या तारांचे श्रेय मात्र कंपनीचे संस्थापक अर्नी बॉल यांना द्यायलाच हवे. त्यांच्या कॅलिफोर्नियातील गिटारच्या दुकानात शिकायला येणाऱ्या मुलांना त्या काळच्या संचातली गुंडाळीची जाड तिसरी तार ओढणे जड जात असे. त्या अडचणीतून १९६२ मध्ये स्लिंकी या नावाने हलके संच निघाले, आणि आज स्वर ओढून वाजवण्याची जी पद्धत सर्रास दिसते ती अशा तारांमुळेच इतकी सोपी झाली.

धातू बदलला की आवाज खरोखर बदलतो. शुद्ध निकेलची गुंडाळी गोलसर, मवाळ बोलते आणि पिकअपला (तारेचे कंपन टिपणाऱ्या चुंबकी भागाला) थोडी कमी जोराने लागते. स्टेनलेस स्टीलची तार चकचकीत आणि करकरीत, घामाला दाद न देणारी, पण फ्रेट लवकर झिजवणारी. मऊ फ्रेट असलेल्या जुन्या गिटारवर ती चढवण्याआधी आम्ही मालकाला हे स्पष्ट सांगतो.

अकूस्टिक गिटारमध्ये तुलना आधी मिश्रधातूंची आणि मग कंपन्यांची करावी, असे आमचे ठाम मत आहे. ८०/२० म्हणून विकल्या जाणाऱ्या गुंडाळीत ८० टक्के तांबे आणि २० टक्के जस्त असते. ती नवी असताना लखलखीत वाजते, पण तो तजेला लवकर उतरतो. फॉस्फर ब्राँझमध्ये तांब्याबरोबर सुमारे आठ टक्के कथील आणि अल्पसे फॉस्फरस असते. आवाज थोडा घुमारदार असतो आणि अधिक काळ एकसारखा राहतो. हा मिश्रधातू गिटारच्या तारांसाठी डॅडारिओने १९७४ मध्ये आणला आणि आज जवळजवळ प्रत्येक कंपनी तो वापरते. डॅडारिओचा लाइट संच १२ ते ५३ चा आहे, मार्टिनचा १२ ते ५४ चा. मार्टिनची तिसरी तारही एका हजारांशाने जाड असते, त्यामुळे ताण थोडा वाढतो आणि आवाज थोडा भरतो. ‘मार्टिनचा आवाज दमदार’ असे जे म्हटले जाते, त्यातला काही वाटा या एका हजारांशाचा आहे, असे आमच्या नोंदी सांगतात. अशा संचाचा एकूण ताण सुमारे १६० पाउंड होतो, तर इलेक्ट्रिकच्या १० च्या संचाचा शंभराच्या आसपास. ब्रिजमागची लाकडी फळी फुगू लागलेल्या गिटारला आम्ही ११ च्या वर जाऊच देत नाही.

कोटिंगच्या तारांनी आमच्या विक्रीचे गणितच बदलले. डब्ल्यू. एल. गोर या कंपनीने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एलिक्सर या नावाने त्या बाजारात आणल्या. गुंडाळीच्या तारेवर बाहेरून अत्यंत पातळ बहुवारिकाचे (पॉलिमरचे) आवरण असते, त्यामुळे वेढ्यांमधल्या फटींत घाम आणि मळ शिरत नाही. त्यांच्या जाड आवरणाच्या पॉलीवेब तारा गुळगुळीत आणि मऊ बोलतात. पातळ आवरणाच्या नॅनोवेब आवरण नसलेल्या तारांच्या अधिक जवळ जातात. पुढे डॅडारिओ, मार्टिन आणि अर्नी बॉल यांनीही आपापल्या पद्धतीने तारा टिकाऊ केल्या. कोटिंग घ्यावे की नाही, याचे उत्तर आम्ही गिटारकडे पाहून देत नाही, हात पाहून देतो. काहींच्या घामाने साधा संच आठवड्याभरात काळा पडतो. अशांना कोटिंगचा संच महाग असूनही परवडतो, कारण तो कित्येक पटींनी अधिक टिकतो. ज्यांचे हात कोरडे राहतात आणि ज्यांना नव्या तारेचा खणखणाटच प्रिय आहे, त्यांनी साधा संच घेऊन वरचेवर बदलावा. बोटांनी वाजवणाऱ्यांपैकी काहींना आवरणाचा निसरडा स्पर्श रुचत नाही, आणि तो आक्षेप आम्ही पूर्ण ग्राह्य मानतो. स्पर्श हाही वादनाचाच भाग आहे.

क्लासिकल गिटारचे वादक आमच्याकडे उशिरा येऊ लागले आणि त्यांनी आम्हांला बरेच शिकवले. या गिटारवर पूर्वी आतड्याच्या तारा असत. दुसऱ्या महायुद्धात आतडे शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी लागू लागल्याने त्या मिळेनाशा झाल्या, आणि १९४० च्या दशकात न्यूयॉर्कचे वाद्यनिर्माते अल्बर्ट ऑगस्टीन यांनी स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया यांच्या प्रोत्साहनाने नायलॉनच्या तारा घडवल्या. ऑगस्टीनचे संच आजही अनेकांच्या पसंतीचे आहेत. त्यांचा आवाज गोड आणि ताण सौम्य. नायलॉनची तिसरी तार मात्र जाड असल्याने थोडी बोदी वाजते, ही या वादकांची जुनी तक्रार. १७७० पासून तारा बनवणाऱ्या सावारेझ या फ्रेंच कंपनीच्या अलायन्स तारा, ज्यांना वादक ‘कार्बन’ म्हणतात, नायलॉनहून बऱ्याच जड द्रव्याच्या असतात, म्हणून तोच स्वर सुमारे एक पंचमांश बारीक तारेतून मिळतो आणि तिसरी तार स्वच्छ बोलते. पहिल्या दोन तारा नायलॉनच्या आणि तिसरी तेवढी कार्बनची, हा मिश्र संच आम्ही स्वतः बांधून देतो आणि तो मागून घेणारे वादक वाढत आहेत. येथे एक गोष्ट निक्षून सांगावी लागते. नायलॉनच्या संचाचा एकूण ताण ८० ते ९० पाउंड असतो. त्या गिटारवर पोलादी तारा चढवल्यास जवळजवळ दुप्पट ओढ बसते आणि ब्रिज उखडतो. असे उखडलेले ब्रिज चिकटवण्याचे काम आमच्याकडे आजही येते.

बाकीच्यांविषयी थोडक्यात. व्हिएन्नाच्या थोमास्टिक-इन्फेल्ड या १९१९ साली स्थापन झालेल्या कंपनीच्या चपट्या गुंडाळीच्या तारा जॅझ वाजवणाऱ्यांना आम्ही डोळे झाकून देतो. गोल गाभ्याच्या तारा, उदाहरणार्थ डीआर कंपनीचे काही संच, हाताला लवचीक लागतात. परंतु खुंटीपाशी काटकोनात मुरडल्याशिवाय त्यांचे टोक कापू नये, नाहीतर गुंडाळी सैल पडून तार मुकी होते. बेस गिटारसाठी रोटोसाउंड कंपनीच्या स्टीलच्या तारांचा झणझणीत नाद ज्यांना हवा असतो त्यांना दुसरे काही चालत नाही.

व्यवसायाच्या दृष्टीने सर्वांत कठीण काळ आला तो बनावट मालाचा. एका घाऊक विक्रेत्याकडून आलेले नामांकित कंपनीचे संच पाकिटावरून अस्सल दिसत होते, पण मायक्रोमीटरवर जाडी बसेना, आणि बाराव्या फ्रेटवरचा स्वर कितीही खटपट केली तरी जुळेना. तो सगळा माल आम्ही बाजूला काढला, तोटा सोसला आणि तेव्हापासून केवळ अधिकृत वितरकाकडूनच खरेदी करतो. छपाईचा फिकटपणा, मण्यांच्या रंगातला फरक, पाकिटातला संकेतांक या गोष्टी आम्ही ग्राहकांनाही दाखवतो. बाजारात एखाद्या कंपनीविषयी ‘हल्ली दर्जा घसरला’ असे जे ऐकू येते, त्यामागे कित्येकदा अशी नक्कलच असते.

आज कोणीही तारा मागितल्या की आम्ही आधी चार गोष्टी विचारतो : गिटार कोणती, सूर कोणता लावता, हाताला घाम किती येतो आणि मागचा संच कधी चढवला. कंपनीचे नाव त्यानंतर निघते. प्रत्येक गिटारचे एक कार्ड असते. त्यावर तारेची लांबी, गेज, धातू, चढवल्याची तारीख आणि वाजवणाऱ्याचा स्वतःचा अभिप्राय त्याच्याच शब्दांत लिहिलेला असतो. गेज बदलला असल्यास नटच्या खाचा आणि नेकचा बाक आम्ही त्याच वेळी तपासतो. जाड तार अरुंद खाचेत अडकली की गिटार सुरात राहत नाही आणि ठपका तारांवर येतो. सध्या सात तारांच्या आणि बॅरिटोन (नेहमीपेक्षा खालच्या सुरात लावायच्या) गिटारांसाठी अशाच नोंदी सुरू केल्या आहेत. तेथे कंपन्यांच्या संचांत सातव्या तारेच्या जाडीबाबतच एकमत नाही, त्यामुळे प्रत्येक गेजची तार स्वतंत्रपणे मोजून आणि चढवून पाहावी लागत आहे.