पिलू कितव्या दिवशी मेलं, ते आधी वहीत लिहा

कोंबडीच्या पिलांच्या ब्रूडरमध्ये, म्हणजे त्यांना ऊब देऊन वाढवायच्या जागेत, मरतूक सुरू झाली की बहुतेक जण थेट औषधाचं दुकान गाठतात. अँटिबायोटिकची पुडी येते, पाण्यात पडते, आणि तरीही दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात चार-पाच पिलं आडवी सापडतात. पहिल्या आठवड्यात जाणारी बरीच पिलं थंडीनं, तहानेनं किंवा उपाशी राहून जातात. त्यावर कोणतीच पुडी चालत नाही. म्हणून ब्रूडरजवळ एक वही टांगून ठेवा. त्यात तारीख, पिलांचं वय, किती मेली आणि जिवंत पिलं कशी बसली होती, एवढंच लिहायचं. पिलू कितव्या दिवशी मेलं यावरून निम्मं निदान होतं.

पहिल्या तीन दिवसांत मेलं तर दोष बहुधा अंड्याचा, उबवणीचा किंवा प्रवासाचा. पिलू उलटं करून पोटावरची बेंबी बघा. ती बंद आणि कोरडी हवी. बेंबी ओली, काळपट, सुजलेली आणि पोट फुगून थुलथुलीत असेल, तर बेंबीतून जंतुसंसर्ग झालेला आहे. मेलेल्या पिलाचं पोट ब्लेडनं उघडलं तर आतला बलक पाण्यासारखा, तपकिरी-हिरवट आणि घाण वासाचा निघतो. अशी पिलं सहसा वाचत नाहीत. ती लगेच वेगळी करावीत आणि पुढच्या खेपेला विष्ठा लागलेली अंडी उबवायला ठेवूच नयेत. घरच्या छोट्या इन्क्युबेटरवर हा त्रास जास्त दिसतो, कारण दोन उबवणींमधली सफाई राहून जाते. बेंबीवरची वाळलेली खपली मात्र कधीही ओढू नका, रक्त लागतं.

प्रवासाचा फटका उन्हाळ्यात बसतो. नागपूरहून वणी किंवा गडचिरोलीकडे पिलांचे खोके दुपारी आणले तर अर्धी पिलं सुकून पोचतात. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा पिलं रात्रीच आणावीत. सुकलेल्या पिलाचे पाय कोरडे आणि सुरकुतलेले दिसतात. पोचल्यावर आधी पाणी, आणि दोन-तीन तासांनी खाद्य. एक लिटर पाण्यात साधारण 50 ग्रॅम गूळ घालून पहिले सहा-आठ तास द्या, त्यानंतर साधं पाणी किंवा पाकिटावरच्या मापानं इलेक्ट्रोलाइट (क्षारांची पावडर). गुळाचं पाणी दिवसभर ठेवलं तर आपल्याकडच्या उन्हात आंबतं आणि पिलांना पातळ हगवण लागते. भांड्यात स्वच्छ गोटे टाकले की अशक्त पिलू त्यात बुडत नाही.

चौथ्या ते सहाव्या दिवशी मरतूक वाढली तर संशय उपासमारीवर घ्या. पिलू पोटात बलक घेऊनच येतं, त्यावर ते दोन-तीन दिवस तगतं. म्हणून न खाणारं पिलूही सुरुवातीला ठीक वाटतं. हे आधीच ओळखायला सोपी तपासणी आहे. आणल्यापासून 8-10 तासांनी वीस-तीस पिलांच्या गळ्याखालची थैली बोटांनी चाचपा. दहापैकी आठ पिलांची थैली भरलेली लागली पाहिजे, आणि 24 तासांनी जवळपास सगळ्यांची. आत नुसतं पाणी लागलं तर खाद्य सापडत नाहीये. नुसतं कोरडं खाद्य लागलं तर पाणी सापडत नाहीये. अशा वेळी जाड कागदावर खाद्य पसरून द्या, भांडी जवळ आणा, उजेड वाढवा. गुळगुळीत कागद मात्र नको. त्यावर पाय घसरून फाकतात. फाकलेले पाय पहिल्या दोन दिवसांत लक्षात आले तर चिकटपट्टीच्या पातळ पट्टीनं दोन्ही पाय अंगाच्या रुंदीइतक्या अंतरावर बांधा, दोन-तीन दिवसांत बरीच पिलं सावरतात.

या सगळ्यामागे असते ती ऊब. पहिल्या आठवड्यात पिलांच्या पाठीच्या उंचीवर 32 ते 35 अंश हवेत, पुढे दर आठवड्याला साधारण 3 अंश कमी. थर्मामीटर भिंतीवर टांगून उपयोग नाही, तो पिलांच्या पातळीवरच ठेवा. त्याहून खरं पिलं सांगतात. दिव्याखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट करत असतील तर थंडी. चोच उघडी, पंख खाली आणि सगळी कडेला, तर उष्णता जास्त. सगळी एकाच बाजूला सरकली तर दुसरीकडून वारा येतोय. पिलाचे तळपाय आपल्या गालाला लावून बघा. गार लागले तर बाकी सगळं सोडून आधी ऊब वाढवा.

साध्या पिवळ्या बल्बचा हिशोब पिलामागे 2 वॅट. एलईडी बल्बनं उजेड पडतो, ऊब मिळत नाही, हे अजूनही अनेकांच्या ध्यानात येत नाही. हिवाळ्यात गोंदिया-भंडाऱ्याकडे रात्री पारा 10 च्या खाली जातो आणि नेमकी तेव्हाच लाईट जाते. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. तिच्या वायूनं पिलं झोपल्या जागी मरतात, माणसालाही धोका असतो. त्यापेक्षा गरम पाण्याच्या बाटल्या बारदान्यात गुंडाळून चिक गार्डच्या (पिलांभोवतीच्या गोल कुंपणाच्या) आत ठेवा आणि वरून कापड टाका, एका बाजूला फट ठेवून. उन्हाळ्यात उलट. दुपारी बल्ब बंद, टिनाच्या छतावर तनस (भाताचा पेंढा) टाकून ओली करायची, पण कूलरची हवा थेट पिलांवर सोडायची नाही.

ऊब चुकली की दिसणारं आणखी एक लक्षण म्हणजे शेपटीखाली विष्ठा चिकटून वाट बंद होणं. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं ती हळूहळू मऊ करा, न ओढता पुसा, पिलू पूर्ण कोरडं करा आणि थोडं खोबरेल लावा. ओलं पिलू तसंच परत सोडलं तर ते थंडीनं जाईल. पांढरी, चुन्यासारखी हगवण एकदम अनेक पिलांना लागली असेल तर तो पुलोरम (साल्मोनेला जंतूचा रोग) असू शकतो. तेव्हा दोन-तीन ताजी मेलेली पिलं पिशवीत बांधून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. औषध तिथल्या सल्ल्यानंच द्या.

पावसाळ्यातला शत्रू बुरशी आहे. पूर्व विदर्भात राईस मिलचं तूस सहज मिळतं, पण वऱ्हाडात सोयाबीनचं कुटार (मळणीतला भुसा) गादीला, म्हणजे पिलांखाली अंथरायला, वापरतात आणि ते ओलसर राहतं. त्यातली बुरशी फुप्फुसात जाते. पिलं मान लांबवून, चोच उघडून श्वास घेतात, पण बहुधा घरघर ऐकू येत नाही. सर्दीत घरघर असते, हा फरक महत्त्वाचा. मेलेल्या पिलाच्या फुप्फुसात बाजरीच्या दाण्याएवढ्या पिवळट गाठी दिसतात. त्या झाल्यावर अँटिबायोटिक निरुपयोगी. त्याच दिवशी सगळी गादी बदला, कोरड्या तुसाचा दोन इंच थर द्या आणि कुबट वासाचं मक्याचं खाद्य फेकून द्या.

दहाव्या दिवसानंतर पिलं पिसं फुलवून झुकली आणि विष्ठेत रक्त दिसलं तर बहुधा कॉक्सिडिओसिस, म्हणजे आतड्यातल्या परजीवी जंतूंचा रोग. इथे मात्र औषध लागतंच आणि लवकर लागतं. 20 टक्के अँप्रोलियमची पावडर एक लिटर पाण्यात 1.2 ग्रॅम, तीन ते पाच दिवस. पुढे 0.3 ग्रॅमवर एक-दोन आठवडे. या काळात बी-कॉम्प्लेक्स देऊ नका. अँप्रोलियम जंतूला बी-1 मिळू न देता मारतं, वरून तेच जीवनसत्त्व दिलं तर औषध फिकं पडतं. पाण्याच्या भांड्यांखालची ओली गादी रोज काढा, कारण रोगाची अंडी ओलीतच पक्व होतात.

आजारी पिलासाठी खोक्याच्या एका बाजूला 60 वॅटचा बल्ब लावा, दुसरी बाजू थंड ठेवा, म्हणजे ते स्वतः जागा निवडेल. ड्रॉपरनं पाणी चोचीच्या कडेला एक-एक थेंब लावा. तोंडात सोडलं तर श्वासनळीत जाऊन पिलू मरतं. आजारी पिलांची लस पुढे ढकला आणि निरोगी पिलांचं काम आटोपल्यावरच त्यांच्याकडे जा. हात साबणानं धुवा, साल्मोनेला माणसालाही होतो. मेलेली पिलं उकिरड्यावर न टाकता दोन-तीन फूट खड्ड्यात चुना घालून पुरा, नाहीतर कुत्री आणि मुंगूस तो रोग शेजारच्या खुराड्यापर्यंत नेतात.