काचेवरची लिबर्टी: तेरा तारे झाले, गरुड बाकी

तीन रविवार गेले, पण काचेवरच्या चित्रातला अमेरिकेचा झेंडा एकदाचा मनासारखा जमला.

मूळ चित्र एडवर्ड सॅव्हेजचं, १७९६ साली फिलाडेल्फियात छापलेलं. पांढऱ्या झग्यातली तरुण लिबर्टी, म्हणजे स्वातंत्र्यदेवता, गरुडाला पेल्यातून पाजतेय, पायाखाली राजसत्तेची चिन्हं तुडवलेली, मागे झेंडा आणि त्याच्या काठीवर स्वातंत्र्याची टोपी. अमेरिकेतल्या शाळकरी मुलींनी ते भरतकामात उतरवलं, तर चीनमध्ये कँटनच्या कारागिरांनी अमेरिकन गिऱ्हाइकांसाठी काचेच्या पाठीवर रंगवलं. मी ही काचेची वाट धरलीय.

रंग काचेच्या पाठीवर आणि बघायचं समोरून, म्हणून काचेवर सगळा क्रम उलटा. कागदावर आपण आधी निळं लावून वर तारे काढतो. इथे तारे आधी, निळं मागून. पहिल्या खेपेला पांढरा पुरता वाळायच्या आत निळा चढवला आणि ताऱ्यांची टोकं विरघळून नुसते ठिपके उरले. सगळं ब्लेडने खरवडलं. या वेळी पांढऱ्याला पूर्ण आठवडा दिला. काच उजेडासमोर उलटी धरली तेव्हा प्रत्येक टोक सुईसारखं दिसलं. खूप आनंद झाला!

तारे मांडायचे कसे, यावर बराच विचार केला. झेंड्याबद्दलच्या अमेरिकन काँग्रेसच्या १४ जून १७७७ च्या ठरावात ताऱ्यांबद्दल निळ्यावर तेरा पांढरे तारे एवढंच आहे, मांडणीबद्दल अक्षर नाही. म्हणून जुन्या चित्रांत कुठे गोल, कुठे रांगा. मी ३-२-३-२-३ घेतली. खरं तर १७९५ पासून अधिकृत झेंड्यावर तारे १५ आणि पट्टेही १५ होते. तरी मला तेराच हवे होते. मूळ तेरा वसाहतींचा तो आकडा आहे, आणि अमेरिकेच्या १७८२ च्या राजमुद्रेतल्या गरुडाच्या पंजातही तेराच बाण आहेत.

आता गरुड. राजमुद्रेत तो छाती काढून उभा, इथे मात्र मान वाकवून पेल्यातून पितोय, आणि मला तो असाच आवडतो. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन कुटुंबांच्या फ्राक्टुर कागदांवर, म्हणजे नक्षीदार हस्तलिखित कागदांवर, तर हाच पक्षी ट्युलिपांच्या शेजारी घरच्यासारखा बसलेला दिसतो.

डोळ्यातला पांढरा ठिपका, मग बुबुळ, मग पिसांच्या रेघा, आणि सर्वांत शेवटी डोक्याचा पांढरा. ठिपका काल ठेवला. ट्रेसिंग या वेळी आठवणीने पालटून लावलं, नाहीतर पेला भलत्याच बाजूला गेला असता. रेघा शनिवारी, तीन शून्याच्या म्हणजे अगदी बारीक ब्रशने.